अक्काला दाखवायला नेलं तेव्हा

ये गं पोरी, कागदावर का होईना, पण अशी जवळ येऊन बस. आधी बोलणी खा. "आत्ती, तू वृद्धाश्रमात?" असं किंचाळून फोन ठेवलास, त्याला तीन महिने झाले. भावाची लेक म्हणून सोडलं, नाहीतर कान पिळला असता. माणसाचं पुरतं ऐकून तर घ्यावं की!

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, तुला ठाऊकच आहे. चाळीस वर्षं एका स्वयंपाकघरात आम्ही भांडलो. आमटीत मीठ कुणी घातलं इथपासून ते कुणाच्या माहेरचं पातेलं जास्त जाड इथपर्यंत. अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात कामालाही बरोबरच जायचो, ती शिलाईला, मी घड्या घालायला. तिला मूलबाळ नाही. माझा मुलगा पुण्यात. दोघींचे मालक गेल्यावर घरात आम्हीच उरलो, आणि मग अक्का विसरायला लागली.

आधी गॅस, मग वार, मग आमची गल्ली. एकदा सकाळी डबा घेऊन निघाली ती थेट एमआयडीसीत. कारखाना सोडून आम्हाला बारा वर्षं झालेली. तिथल्या वॉचमनने ओळखलं आणि रिक्षात बसवून घरी आणून सोडलं. मी तिच्या हातातला डबा काढून घेतला. म्हटलं, "अक्का, कुटं गेलतीस गं?" तर मलाच झापलं, "कामावर! तू आली न्हाईस, तुझा खाडा पडला."

मुलगा म्हणाला, "आई, तू पुण्याला ये, काकूंना चांगल्या ठिकाणी ठेवू." एका वाक्यात त्याने आम्हाला दोन गावांना वाटून टाकलं. चुकीचं काही बोलला नव्हता. पण मला ते घशाखाली उतरेना. मी नसले तर भांडायला ती रोज कुणाला शोधणार?

मग आधी घरीच राहणारी बाई ठेवली. अक्का रोज संध्याकाळी तिला विचारायची, "तुजी माणसं वाट बघत नसतील का गं? जा की आता." अकराव्या दिवशी ती गेली. मग गावाबाहेरचा एक आश्रम पाहिला. झाडं छान, पण स्वतःचं स्वतः करणाऱ्यालाच घेतात. म्हणजे मी आत, अक्का बाहेर. मग नर्स असलेली जागा पाहिली, तिथं फक्त आजारी माणूस ठेवतात. म्हणजे अक्का आत, मी बाहेर.

तिसऱ्या ठिकाणी जायच्या आधी मी ठरवलं, खोटं बोलायचं. अक्काला इरकल नेसवलं, तेल लावून अंबाडा घातला. वार पाठ करून घेतला, गाव पाठ करून घेतलं. वर बजावलं, "कमी बोल. विचारतील तेवढंच सांग. मान खाली ठेव." आता बघ, हे सगळं आपण कुणाला सांगतो? दाखवायला नेलेल्या पोरीला! माझ्या ध्यानात आलं नाही, पण अक्काच्या आलं.

ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "आजी, स्वतःचं सगळं करता ना?"

अक्काने डोक्यावर पदर घेतला. "भाकरी येती. पुरणपोळी येती. शिवण येतं. शाळा पाचवीपतुर."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. अक्काचं चालूच. "सभाव गरीब हाय माजा. ही माजी धाकटी जाऊ, हिला इचारा. न्हाय, हिला नगा इचारू, ही खोटं बोलती." आणि हळूच विचारलं, "मुलगा काय करतो?"

मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. पण त्या बाई हसल्या नाहीत गं. म्हणाल्या, "मुलगा अजून यायचाय, आजी. तोवर चहा घ्या." तिथं मला रडू फुटलं. वॉचमनपासून पाठांतरापर्यंत सगळं सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "बरं झालं, आत्ताच कळलं. नाहीतर यांना वरच्या मजल्यावर खोली दिली असती. वरची माणसं मनाला येईल तशी जातात येतात, फाटक उघडं असतं. तिसऱ्या दिवशी या डबा घेऊन रस्त्यावर." मग नीट समजावलं. कुणाला नुसती दिवसभर सोबत लागते, ते संध्याकाळी घरी जातात. कुणाला आंघोळीला, औषधाला हात लागतो. विसरणाऱ्यांसाठी खालचा मजला, तिथं दारावर कायम माणूस. मी भीतभीत म्हटलं, "पण मी धडधाकट हाय की. मला कोण ठेवणार तितं?" तर म्हणाल्या, "दोन खाटांची खोली आहे खाली. दार यांच्यासाठी राखायचं, तुमच्यासाठी नाही. महिनाभर राहून बघा, घर मोडू नका."

एवढंच विचारायचं होतं, आणि मी जागोजागी अक्काला झाकत फिरत होते!

महिनाभर म्हणून आलो ते इथंच राहिलो; घर अजून तसंच आहे, किल्ली माझ्या कमरेला. मी मंगळवारच्या बाजाराला जाते, भाजी आणते, हिंडून येते. अक्का सकाळी डबा घेऊन निघते. इथली कामाची मावशी तिला अंगणातून फिरवून मागच्या हॉलमध्ये नेते. तिथं धुतलेल्या चादरी, टॉवेल ठेवलेले असतात. हिला शिवणाचं वेड, तरी घड्या घालते आणि दुपारी येऊन मला सांगते, "तुज्यापेक्षा बऱ्या घातल्या." मी भांडते. मग दोघी आडव्या होतो, आणि मला लगेच डोळा लागतो. दार कुणी उघडलं का, म्हणून कान टवकारून पडावं लागत नाही.

फक्त एक आहे. रोज चहाच्या वेळेला पदर सारखा करून विचारते, "आली का गं माणसं?" मी म्हणते, येत्यात, वाटेत हायेत. तर पोरी, आता मला खोटं पाडू नकोस. या रविवारीच ये, चहाच्या वेळेला. जावयालाही आण, पण त्याला आधी सांगून ठेव: अक्का पगार विचारणार, आणि पसंत पडला तर सोडायची नाही.