भेकर ऐकायला निघालेला ट्रेलर

ट्रेलर कसा भरायचा, हे मला कुणी शिकवू नये. जड सामान चाकांच्या पुढे, जीपच्या अंगाला. हलकं मागे. घासलेटचा डबा बाहेर टांगायचा, म्हणजे कणकेला वास लागत नाही. मागच्या हिवाळ्यात माझ्या पुतण्यानं तयार ट्रेलर विकत घेतला. आत फ्रिज, बेसिन, गादी, सगळा थाट. मोठ्या कौतुकानं मला दाखवून राहिला होता. मी म्हटलं, "छान आहे रे, पण पाण्याची टाकी एवढी मागे काहून लावली? वेग धरलास की शेपूट हलवील हा." तो हसला. "काकू, तुम्हाला काय माहीत यातलं?" अरे देवा, मला काय माहीत! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याला वाटलं, काकूंना राग आला. आलाच होता म्हणा, पण पाणी त्याचं नव्हतं.

आमचा ट्रेलर जबलपूरला दीक्षितपुऱ्यात, घरासमोरच्या गल्लीत उभा असायचा. लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात बाबांनी तो घेतला. दोन चाकं, वर गंजलेलं पत्र्याचं खोकं, बस्स. तो ढकलत ढकलत गल्लीत आणला तेव्हा सगळी गल्ली बघायला बाहेर आली आणि आईनं कपाळाला हात लावला. "अहो, हे काय भंगार उचलून आणलं?" बाबा घाम पुसत म्हणाले, "भंगार नाही, तुझा तंबू आहे हा." मग मात्र आईनं पदर खोचला. ती आत गेली आणि चहा टाकला. मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते, आणि आई लाजली की कशी दिसते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तंबूची गोष्ट अशी. आईचे वडील जंगल खात्यात होते. थंडी पडली की घरदार बैलगाडीवर लादून त्यांचा दौरा निघायचा आणि महिनोन्‌महिने तंबूत मुक्काम पडायचा. आईचं बालपण असं कापडाखाली गेलं. आणि लग्न होऊन आली कुठे, तर जिथे समोरच्या घरातल्या फोडणीचा ठसका आपल्याला लागतो तिथे! तिची कुरकुर नव्हती. पण दिवेलागणीला कधी कधी कंदिलाची काच पुसता पुसता थांबायची आणि म्हणायची, "आत्ता तिकडे भेकर बोलत असेल." भेकर म्हणजे बकरीएवढं हरीण, पण ओरडतं कुत्र्यासारखं, भुंकून. "एकदा तुम्हाला ऐकवायचं आहे हो," असं ती बाबांना म्हणायची. मला नाही, बाबांना. त्याचा मला तेव्हा फार राग यायचा.

बाबांनाच काहून, तर बाबांचे कान. लष्कराच्या फॅक्टरीत तयार झालेले लोखंडी भाग तपासून पास करायचं त्यांचं काम होतं, आणि ते तपासायचे कानानं. छोट्या हातोडीनं टण्‌कन वाजवायचं. नाद स्वच्छ निघाला तर पास. बद्द निघाला तर आत कुठेतरी तडा, खडूची फुली मारून माल परत. ही सवय घरीही सुटेना. नवी कपबशी आणली की आधी नखानं वाजवणार. उन्हाळ्यात शेजारणी टरबूज घ्यायला जाताना "भैया, जरा चलो ना" म्हणत बाबांना बाजारात घेऊन जायच्या. आईला त्या कानांचा असा काही अभिमान होता की विचारू नका. अशा कानांत आपलं जंगल एकदा पडावं, एवढंच तिला हवं होतं. तिनं दागिना मागितला असता तर बाबांचं काम सोपं झालं असतं.

बाबा दर रविवारी ट्रेलरला लागायचे. गंजका तळ काढून सागाच्या फळ्या ठोकल्या. मागची झडप दोन साखळ्यांवर आडवी उतरली की स्वयंपाकाचा ओटा तयार. तिच्या आत स्टोव्हचा खण, मसाल्याचा खण, आणि ताटल्या उभ्या राहतील अशा खाचा, म्हणजे खड्ड्यात खडखडाट नको. एका अंगाला लोखंडी पिंप, त्याला पितळी तोटी. वरून ताडपत्री, तिची एक बाजू दोन बांबूंवर उचलली की मांडव. नवारीच्या दोन घडीच्या खाटा, रजयांसाठी पत्र्याची पेटी. आई अंगणात बसून ताडपत्रीला कडा शिवायची आणि मी सुई ओवून द्यायची. आमच्या घरात इतकं हसणं त्याआधी नव्हतं आणि नंतरही झालं नाही. मला ते रविवार परत हवे आहेत. वय झालं म्हणून सांगायला लाज कसली?

सामान भरण्यावरून मात्र रोज महाभारत. आई ट्रेलर भरायची घर लावल्यासारखा. जे सारखं लागतं ते हाताशी, म्हणजे सगळं जड मागे. बाबांनी फळीवर चाकांच्या बरोबर वर खडूनं रेघ मारली. "जड ते रेघेच्या पुढे. मागे वजन गेलं की ट्रेलरची मान वर होते, समजलं?" आई म्हणाली, "समजलं." आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर मागच्या झडपेजवळ पाटा-वरवंटा! बाबा ओरडले, "अगं, जंगलात पाटा? दगड कमी आहेत का तिकडे?" "तिकडच्या दगडावर चटणी वाटून तुम्ही खाल?" शेवटी पाटा रेघेच्या पुढे गेला आणि वर बाबाच म्हणाले, की बरं झालं, पुढचं वजन जरा कमीच पडून राहिलं होतं.

एवढं झाल्यावर निघायला काय हरकत होती, सांगा. मागच्या गल्लीत तेंदूपत्त्याचे एक ठेकेदार राहायचे, त्यांना आम्ही भैयाजी म्हणायचो. जीप त्यांची, कुंडमच्या जंगलाकडे जाणंयेणं त्यांचंच, आणि "बताइए, कब चलना है" म्हणून ते दर आठवड्याला विचारायचे. पण बाबा पडले फॅक्टरीचे. पास झाल्याशिवाय माल दाराबाहेर जात नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. निघायच्या आदल्या दिवशी हातोडी घेऊन ट्रेलरचा एकेक बोल्ट वाजवायचे आणि एखादा नापास करायचेच. बोल्ट झाला की कडी. कडी झाली की स्प्रिंगची पट्टी. "रस्त्यात तुटलं तर तुम्हा दोघींना घेऊन कुठे बसू?" हे त्यांचं उत्तर. खोटं नव्हतं. पण अशा फुल्या मारता मारता तो अख्खा हिवाळा गेला आणि आई बिचारी म्हणाली, "चलो, पुढच्या वर्षी." त्या वर्षी बाबांना ट्रेलरच्या स्प्रिंगमधली केसाएवढी भेगसुद्धा ऐकू येत होती. हे आठवलं की आजही माझा जीव तडफडतो.

पुढच्या हिवाळ्यात लढाई आली, एकाहत्तरची. लढाई तोफांच्या आधी आमच्या घरात आली होती, कारण फॅक्टरीत कित्येक महिने आधीच तीन पाळ्या सुरू झाल्या होत्या आणि सुट्ट्या बंद. गल्लीत ब्लॅकआउट, काचांना काळा कागद, आणि बाबा एक पाळी संपवून दुसरीला थांबलेले. त्यांचं टेबल घणाच्या शेडला लागून. तो वाफेवर चालणारा घण दिवसरात्र आदळत असायचा. बाबा घरी आले की पहिला तासभर त्यांना आमचं बोलणं पोचायचं नाही. आईनं एक दिवस कापसाचे बोळे करून डब्यात ठेवले. "हे कानांत घालत जा." बाबांनी ते काढून ठेवले. "कापूस घातला तर तडा कसा ऐकू येईल? फुटका भाग इथून पास होऊन तिकडे गेला तर?" तिकडे म्हणजे सरहद्दीवर. आई तरीही रोज बोळे ठेवायची आणि रोज ते तसेच परत यायचे.

ट्रेलर मात्र तिनं रिकामा करू दिला नाही. "लढाई काय जन्मभर चालते?" म्हणायची. कणीक बदलायची, तांदळाला किडे लागू नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला घालायची, रजया उन्हात टाकून पुन्हा पेटीत. गल्लीत एक बरात त्या ट्रेलरला अडली, घोडीवरचा नवरदेव खोळंबला, लोकांनी आम्हाला काय काय ऐकवलं! आईनं सगळ्यांना पाणी दिलं, चार जणांना हाताशी घेऊन ट्रेलर भिंतीला सरकवला, आणि बरात गेल्यावर पुन्हा जागेवर आणला.

लढाई संपली. पाळ्या लगेच संपल्या नाहीत, पण हळूहळू संपल्या. आणि मग आमच्या ध्यानात आलं की घरी येऊन तासभर काय, दिवसभर गेला तरी बाबांना ऐकू येत नाही. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग बाबांनी फॅक्टरीत एक भाग पास केला आणि शेजारच्या माणसानं त्यात तडा दाखवला. बाबांनी स्वतःच साहेबांकडे जाऊन सांगितलं, "मला इथून काढा." त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. हातोडी त्यांनी घरी आणली नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस गेली, आता यावर औषध नाही.

आईचा विश्वास बसेना. "इथे गोंगाट केवढा! सायकली, रेडिओ, नळावरची भांडणं. कान दमलेत त्यांचे. तिकडच्या शांततेत येईल ऐकू." मी चिडून म्हटलं, "आई, काहीतरीच काय बोलतेस?" तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की बस्स. पण खरं सांगू? मलाही तसंच वाटायला लागलं. वेडी आशा म्हणतात ती हीच. एका माणसाला लागली की घरभर पसरते.

लढाईनंतर आलेल्या हिवाळ्यात आम्ही निघालो. बाबांनी ना बोल्ट वाजवला, ना कडी. आईनं सामान भरलं, बिनचूक, जड ते सगळं रेघेच्या पुढे, आणि त्यांनी नुसतं ताडपत्रीच्या दोरीला एकदा हात लावून पाहिलं. भैयाजींनी जीप जोडली. कुंडमच्या पुढे सरईच्या, म्हणजे सालवृक्षांच्या रानात, नाल्याच्या वरच्या अंगाला आम्हाला उतरवून ते आपल्या गोदामावर गेले, उद्या न्यायला येतो म्हणून.

ट्रेलरनं मात्र आमची मान खाली होऊ दिली नाही. एक ताटली फुटली नव्हती. झडप उतरली, ओटा झाला. बांबू उभे राहिले, मांडव झाला. पितळी तोटीतून पाणी पडलं तेव्हा बाबा लहान पोरासारखे हसले. आईनं चपला काढून ठेवल्या त्या ठेवल्याच. पाट्यावर चटणी वाटली, गोवऱ्यांवर कणकेचे पानगे भाजले, वांगं भाजलं. बाबा दोनदा मागून जेवले. इतकं सुखाचं जेवण आम्ही तिघं पुन्हा कधी जेवलो नाही.

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं तसं आईचं बोलणं कमी झालं. भांडी तशीच टाकून ती खाटेवर बाबांच्या शेजारी येऊन बसली. मला हातानं खूण केली, गप्प. इतकं शांत मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी मनात म्हणत होते, देवा, एकदाच, फक्त एकदा.

आणि नाल्याच्या पलीकडून भेकर भुंकलं. मोठ्यानं, स्वच्छ.

आई हलली नाही. बाबा म्हणाले, "आत्ता बोललं ना ते?"

आईनं दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला. "अहो! आलं? ऐकू आलं तुम्हाला?" मोठ्यानं विचारायचंही ती विसरली होती, पण तिचे ओठ त्यांना वाचता आले.

"नाही गं," बाबा म्हणाले. "तुझ्या तोंडाकडे पाहून राहिलो ना मी."

आई रडायला लागली. मीही. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण मान वळवली नाही, तिच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही. जरा वेळानं भेकर आणखी एकदा भुंकलं, थोडं लांबून. डोळे पुसता पुसता आई थांबली.

"हे बघ," बाबा म्हणाले. "पुन्हा बोललं."