शकुंतलाकाकूच्या सपरीतले पोट्टे

शकुंतलाकाकूच्या घरापुढच्या सपरीले, त्या पडवीच्या खोलीले, यंदा कुलूप आहे. पेपरवाले येतात, फोटो काढतात, अन् आम्हा दिघोरीच्या बायांलेच विचारतात, एवढं चांगलं काम बंद काहून पडलं? पुंडलिकरावाले विचारा न बाप्पा. तो देशाचा पुढारी आहे, दिल्लीले असते, टीव्हीवर रोज बोलते. काकू त्याची बायको. मी अंजू, दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणा करणारी, म्हणजे भाताची रोपं लावणारी. माहे दोन्ही पोट्टे काकूनं सांभाळले, म्हणून मी बोलते.

काकूचं पहिलं लेकरू बांधीच्या काठच्या धुऱ्यावर निजवलं होतं तेव्हा त्याले साप चावला. ती बांधीत वाकून धानाचे परे लावत होती, अन् पुंडलिकराव कुठंतरी मोर्चात होता. दुसरं लेकरू झालंच नाही. तेव्हापासून दर रोवण्यात ती मजूर बायांचे पोट्टे आपल्या सपरीत ठेवे. अंघोळ घालणं, भात भरवणं, हागमूत काढणं, सारं आपल्या हातानं करे. पुढाऱ्याची बायको म्हणून कधी तोरा दाखवला नाही तिनं. नवऱ्यानं एक पाळणा धाडला नाही, पण भाषणात "आमचा उपक्रम" म्हणे. आमचा म्हणे! लाज कशी वाटत नाही माणसाले?

काकूची एक रीत होती. सकाळी लेकरू हाती घेतलं की त्याच्या आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी त्याच्या मनगटाले बांधे. रडणारं लेकरू तीच चिंधी नाकाशी धरून निजे. काकू दारात बसून त्या चिंध्यांवर नजर ठेवे. हिरवी माह्या पोट्ट्यांची, लाल फुलांची माह्यासंगं रोवणा करणाऱ्या रीताच्या गुड्डीची. सपरी अन् शाळेच्या मधात बोडी आहे, लहानसं तळंच, पावसाळ्यात तुडुंब भरते. म्हणून काकू दार सोडत नसे.

मागच्या वर्षी ऐन रोवण्यात पुंडलिकरावानं काकूचा सत्कार ठेवला. रोवण्यात सभा कोण ठेवते? ज्याच्या पायाले चिखल लागत नाही तो. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. कार्यकर्त्यांनी साऱ्या पोट्ट्यांले एकसारखे पिवळे कपडे घातले अन् मनगटावरच्या चिंध्या कापून टाकल्या. फोटोत बऱ्या दिसत नाहीत म्हणे. काकू भांडली. "मी चिंध्यांवरूनच ओळखते लेकरं," म्हणाली. पण तिचं ऐकते कोण? मग ती स्टेजवर न जाता पोट्ट्यांच्या मधातच बसून राहिली. तेवढ्यात माईकवरून पुंडलिकराव बोलला, "शकुंतला, ये वर."

आम्हाले बांधीत भोंग्यावर सारं ऐकू येत होतं. रीता माह्या बाजूलेच परे लावत होती. "काकूचं नाव घेऊन राहिले, ऐक," म्हणत ती हसली. आम्हाले बरंच वाटलं होतं.

काकू वर गेली. जाता जाता दोन कार्यकर्त्या पोरींले लेकरांकडं पाहा म्हणून सांगून गेली. शाल झाली, नारळ झाला, भाषणं संपता संपेनात. खाली उतरली अन् एकेक चेहरा पाहू लागली. पोरी म्हणाल्या, "सगळे आहेत न काकू, पिवळेच पिवळे दिसून राहिले." गुड्डी नव्हती. अडीच वर्षाची पोर मांडवाच्या मागून बोडीकडं गेली अन् कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मासे धरणाऱ्या तेजरामनं तिले पाण्यातून काढलं तेव्हा जीव नव्हता. पुंडलिकरावाची गाडी त्याच संध्याकाळी नागपूरले गेली. त्याले विमान गाठायचं होतं.

तेरवीच्या दिवशी काकू रीताच्या घरी आली. मी तिथंच होती. कोणी बस म्हटलं नाही, तशी ती उंबऱ्याजवळच टेकली. रीतानं विचारलं, "काकू, तुम्ही काहून गेल्या वर?"

"त्याईनं बोलावलं, रीता," काकू म्हणाली. "लग्न झाल्यापासून चार लोकांत पहिल्यांदा बोलावलं. मी भुलली."

मले तिची कीव आली, अन् तिच्या थोबाडीत मारावं असंही वाटलं. खोटं कायले सांगू?

रीता रडली नाही. खाली पाहतच म्हणाली, "रोवण्यात दिवसभर ती तुमच्याजवळच राहे, काकू. पाण्यात पडली तेव्हा तिनंही तुम्हालेच बोलावलं असन."