एक बैल, चार जबाब

ती बैलाची केस आजही माझ्या डोक्यातून जात नाही. दरोडे पाहिले, खून पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. पण त्यात कोणी काय केलं एवढं तरी शेवटी समजायचं. इथं आरोपी समोर, फिर्यादी समोर, बैल ठाण्याच्या लिंबाखाली रवंथ करत बसलेला, आणि गुन्हा कोणता तेच कळेना. नोकरीतून उतरून एवढी वर्षं झाली, तरी ही गोष्ट सांगायला लागलो की मीच मध्ये अडखळतो.

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. मी तेव्हा नवा अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. सोनपेठकडून परभणीकडे येणाऱ्या वाटेवर आमचं ठाणं होतं. सकाळी हजेरी, मग जवानांना गस्तीची गावं वाटून देणं, मग रोजनामचा. दप्तर सगळं उर्दूत आणि माणसं सगळी मराठी बोलणारी. माझा जमादार जुना, मुरलेला, दखनीत बोलायचा. सख्ख्या भावानं सांगितलेलंही तो पहिल्या दमात खरं मानत नसे.

ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर जनावरांच्या पट्टीचा, म्हणजे कराचा, नाका होता. वसुलीचा गुत्ता, म्हणजे मक्ता, एका सावकाराकडे आणि नाक्यावर त्याचा कारकून. ही पट्टी म्हणजे काय भानगड होती ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बैल बाजारात विकला तर एक दर. बाजाराबाहेर विकला तर जास्त. दुसऱ्या जनावराच्या किंवा धान्याच्या बदल्यात दिला तर निम्मा. सोयऱ्याला आहेर म्हणून दिला तर माफ. पेरणीपुरता उसना दिला तरी माफ. आणि विकून खोटं सांगितलं तर तिप्पट दंड, वर जनावर जप्त. आता मला सांगा, असा कायदा केल्यावर बाजारात बैल कोण विकेल? आमच्या हद्दीत कोणी बैल विकतच नव्हतं. जो तो दुसऱ्याला आहेर करत होता!

पेरणी तोंडावर आलेली. एका सकाळी नाक्याचा कारकून धापा टाकत ठाण्यात आला.

"अमीनसाहेब, चला. पेडगावचा एक माणूस हाय. तांबडा कंधारी बैल घिऊन चाललाय अन् बैल कुनाचा म्हनलं की ततपप करायलाय."

दंड झाला तर खबर देणाऱ्याला त्यात वाटा असायचा, हे मला माहीत होतं. पण खबर ती खबर. जमादार गेला आणि माणूस, बैल दोन्ही घेऊन आला.

या माणसाला आपण पेडगावकर म्हणू. पन्नाशीचा, खांद्यावर घोंगडी, चांगल्या घरचा वाटत होता. वयानं मोठा म्हणून मी अहो-जाहो करत बोललो. जमादाराला ते रुचलं नाही.

"बैल कुणाचा?" मी विचारलं.

"सोनपेठच्या व्याह्याचा, सायेब. त्यांची लेक माझ्या घरी दिल्याली हाय."

"मग तुमच्याकडं कसा?"

"माझा एक बैल फऱ्यानं मेला. पेरनीला उसना आनलाय."

जमादारानं लिहिलं: उसना. "परत कधी देणार?" मी म्हटलं.

"परत कामून? लेकाला आहेर हाय त्यो."

जमादारानं खोडलं, लिहिलं: आहेर. तेवढ्यात कारकून म्हणाला, "अन् नाक्यावर तर ज्वारी दिली म्हनलाव!"

"दिली की. दोन पोती. फुकट आनलाय का मी?"

जमादारानं तेही खोडलं आणि टाक खाली ठेवला. "साब, इसको बोलो पैले सोचना, बाद में बोलना. दो बार काटा मैं."

माणूस खोटं बोलतो तेव्हा एकच खोटं धरून बसतो, हा माझा अनुभव. मारलं तरी त्यालाच चिकटतो. हा बाबा मात्र दर प्रश्नाला नवं सांगत होता आणि चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. उलट या पोराला एवढं साधं कसं कळेना, अशा नजरेनं माझ्याकडं बघत होता. माझं डोकं भंजाळून गेलं. शेवटी एका जवानाला सोनपेठला पाठवलं, व्याह्याला घेऊन ये म्हणून.

दुसऱ्या दिवशी व्याही आला. सोनपेठकर म्हणू त्याला. किडकिडीत, सारखा उपरण्यानं तोंड पुसणारा. पेडगावकर ओसरीवर बसला होता. त्याला वाटलं, आता सुटलो. तो हसून उठायलाही लागला. मी सोनपेठकराला विचारलं, "बैल तुमचा?"

"माझाच."

"याला दिला होता?"

त्यानं तोंड पुसलं. "न्हाई सायेब. बैल चोरीला गेला माझा."

पेडगावकर अर्धा उठलेला तसाच राहिला. मग म्हणाला, "व्याही, माझ्याकडं बगून बोला."

व्याह्यानं बघितलं नाही.

फिर्याद आली म्हणजे मला गत्यंतर नव्हतं. गुन्हा दाखल झाला. पेडगावकर कोठडीत गेला, बैल कोंडवाड्यात. जनावराच्या चोरीला तेव्हा कैद ठरलेली. पेरणीच्या दिवसांत घरचा कर्ता आत, बैल आत, आणि चोराचं घर म्हणून गावात नाव. पेडगावकरानं त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही आणि मला एका शब्दानंही काही सांगितलं नाही. आदल्या दिवशी तीन-तीन जबाब देणारा माणूस भिंतीकडं तोंड करून बसला.

"बेटी दिया उसके घर में, और उसकोच चोर बोलता?" जमादार म्हणाला. "नक्को साब. ये बात हजम नईं होती."

मलाही होत नव्हती. मी घोडं काढलं आणि पंचनाम्यासाठी सोनपेठकराच्या घरी गेलो. गावचा पटेल, म्हणजे पाटील, आणि आणखी एकजण पंच म्हणून घेतले. गोठा पाहिला. खुंटा रिकामा. कूड कुठं फाटलेला नाही, माती उकरलेली नाही. आणि खुंट्याच्या वर, भिंतीतल्या खुंटीला एक जुनं दावं नीट वेटोळं करून अडकवलेलं. त्याला हळद-कुंकू लावलेलं.

घरधनीण दारात उभी होती. मी सहज विचारलं, "हे दावं कुणाचं?"

"तांबड्याचं."

"ते इथं कसं राहिलं?"

"आवं सायेब, दावं कसं देत्याल?" ती माझ्याच अडाणीपणाला हसली. "जनावर दुसऱ्याच्या दावनीला गेलं तरी दावं घरीच ठिवायचं. न्हाईतर गोठ्याची लक्षुमी जाती."

आणि मग तिनं पदर तोंडावर धरला. पटेल दुसरीकडं बघायला लागला.

आपल्याकडची ही रीत खेड्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक. बैल कायमचा द्यायचा तर घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो आणि जुनं सोडवून, पूजा करून देणाऱ्याच्या घरी ठेवतात. उसना बैल आपल्या दाव्यासकट जातो, कारण तो परत यायचा असतो. आणि चोर? चोर दाव्याला हळद-कुंकू लावत बसत नाही! ठाण्यात बैलाच्या गळ्यात अंबाडीचं कोरं करकरीत दावं मी पाहिलं होतं. पाहून काय उपयोग, डोक्यात शिरलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता आणि संन्यासी माझ्या कोठडीत बसला होता.

सोनपेठकराला घेऊन परत आलो तर ठाण्याच्या ओसरीवर एक तरणी बाई भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. पेडगावकराची सून, म्हणजे सोनपेठकराची लेक. बातमी ऐकून दिराला संगं घेऊन बैलगाडीनं आली होती. बापाला बघताच उठली.

"दादा, मामाला चोर म्हनलाव?"

"गप बस बाई. तुला न्हाई कळायचं. तिप्पट दंड हाय."

"दंड मामानं भरला असता. आता मी कुनाची म्हनून तोंड दाखवू? चोराची सून, का खोटारड्याची लेक?"

सोनपेठकर मटकन खाली बसला. कपाळावर हात मारून घेतला आणि सगळं ओकला. मी दाव्याचा विषय काढायचीसुद्धा गरज पडली नाही.

व्यवहार असा होता. काही रुपये रोख. दोन पोती ज्वारी. उरलेलं सुगीनंतर. जावयाचा मान म्हणून थोडी किंमत सोडलेली. आणि पेडगावची पेरणी उरकली की हाच बैल थोडे दिवस सोनपेठच्या रानात यायचा. म्हणजे पेडगावकराचे तिन्ही जबाब खरे होते! बैल विकलाही होता, बदललाही होता, आहेरही होता, आणि वर्षातले काही दिवस तो उलट्या बाजूनं उसनाही जाणार होता. माणसानं एकच व्यवहार केला होता. तुकडे पट्टीवाल्यांनी केले होते.

"मग चोरी कशाला म्हणालास?" मी ओरडलोच.

"सायेब, जवान म्हनला, पट्टी चुकवली म्हून धरलंय. वाटंनं मी हिशेब करायलो. इकला म्हनावं, तर तिप्पट. आहेर म्हनावं, तर ज्वारी निघंल. उसना म्हनावं, तर रुपये निघत्याल. कशातच जीव वाचंना. चोरीला पट्टी न्हाई, येवढंच पक्कं ठावं होतं. म्हनलं, बैल माघारी देत्याल अन् ह्यांना सोडून देत्याल."

कोठडीच्या गजांमागून पेडगावकर हे ऐकत होता. त्यानं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन तहसीलदारांपुढे गेलो. चोरीची केस तिथंच मिटली. राहिली पट्टी. तहसीलदारांनी कारकुनाला विचारलं, किती होते? तो म्हणाला, बाजाराबाहेरची विक्री. कचेरीतला पेशकार म्हणाला, ज्वारी दिली म्हणजे बदली, निम्मी. कारकून म्हणाला, मग रोख रकमेपुरती विक्री आणि ज्वारीपुरती बदली. पेशकार म्हणाला, जावयाच्या मानाचं काय? सुगीनंतर द्यायचे ते आज धरायचे का? दोघं हमरीतुमरीवर आले. तहसीलदार कपाळ दाबत म्हणाले, "पट्टी किती बसते तेच तुम्हा दोघांना ठरवता येत नाही, तर यांनी चुकवली किती हे मी कसं ठरवू?" आणि ताकीद देऊन दोन्ही व्याही सोडले, बैलही सोडला.

मग पेडगावकराकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हीच सांगा, कशी असावी पट्टी?"

"रुपयामागं आना म्हना, न्हाईतर दोन आने म्हना, सायेब," तो म्हणाला. "इको, दिवो, बदलो, सगळ्याला एकच. एकदा काय ती सांगा अन् मानसाला खरं बोलायची सोय ऱ्हाऊ द्या."

मला ते तिथल्या तिथं पटलं. माफी आणि सवलती गरिबाच्या सोयीसाठी ठेवल्या म्हणतात. पण आमच्या हद्दीत त्यांचा फायदा कोणाला झाला? ज्याला कोणत्या नावानं काय बसतं हे पाठ होतं, त्याला. साधा माणूस सगळं खरं सांगून कोठडीत गेला. म्हणून मी म्हणतो, दर एक असावा, सगळ्यांना सारखा असावा, आणि तो गुराख्यालाही तोंडपाठ असावा.

परतताना घोड्यावर जमादाराला मी हेच मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यानं आपलं घोडं माझ्या बरोबरीला आणलं. मग म्हणाला, "ठीक है साब. मगर बैल की कीमत कौन लगाएगा? वहीच कारकून? और जिसके पास एकच बैल है और जिसके पास पचास, दोनों को एकच आना?"

पचासवाल्याला पन्नास पट बसेल की, मी म्हणालो. पण किमतीचं काय? जावयाच्या मानाची किंमत मी तरी काय लावणार होतो? सरळ पट्टी बरी यावर मी आजही ठाम आहे, आणि जमादाराचा प्रश्नही आजही जागच्या जागी आहे. आणखी एक मात्र शिकलो: माणसाचे जबाब बदलले की त्याला लबाड म्हणण्याआधी आपण प्रश्न काय विचारतोय ते बघावं. पुढं सगळ्या नोकरीत मला ते उपयोगी पडलं.

सुगी झाली. एके दिवशी सोनपेठकर ठाण्यात येऊन बसला. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. काम काय विचारलं तर काही नाही म्हणाला. मग हळूच बोलला, "लेकीला आनायला गेलतो, सायेब."

"आली का?"

"व्याही म्हनले, न्या की. पन आदी सांगा, कशी न्यायलाव? उसनी का कायमची? उद्या चोरीला गेली म्हून फिर्याद द्याल."

"आणि ती काय म्हणाली?"

"भाईर आलीच न्हाई. आतून बांगड्यांचा आवाज यायला."

त्यानं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं. आत तिच्यासाठी नेलेल्या करंज्या होत्या.

"दंड भरला असता तर बरं झालं असतं, सायेब," तो म्हणाला. "त्यो एकदाच भरावा लागतो."

करंज्या माझ्या टेबलावर ठेवून तो उठला आणि सोनपेठच्या वाटेला लागला.