चेअरमन येणार म्हणून ग्राउंडवर मारलेलं पाणी

थांबा, हे आत्ताच सांगून टाकते. सकाळपर्यंत थांबले तर भ्या वाटंल आन् मग मी काहीच लिहिणार न्हाई, मला माझा स्वभाव माहितीय. शुद्धलेखन बघू नका, लई फास्ट टाईप करायले.

मी कॉलेजात बास्केटबॉलची कोच हाय. हो, वडवणीच्या बाजूला, बास्केटबॉल, तोबी पोरींचा! ह्याच कॉलेजात खेळले, मग बीडला बीपीएड केलं आन् परत इथंच आले. पण परमनंट न्हाई, तासिका तत्त्वावर. दर जूनला संस्थेची नवी ऑर्डर निघती. निघाली तर मी मॅडम, न्हाई निघाली तर घरी, आन् घरी अण्णांनी एक स्थळ बघूनच ठेवलंय. संस्था कारखान्याची. कारखाना सहकारी, म्हणजे म्हणायला सगळ्या सभासदांचा, पण ऑर्डरवर सही एकट्या चेअरमन साहेबांची. मला सापाचं भ्या वाटत न्हाई तेवढं त्या सहीचं वाटतं. कारण पोरींची टीम मी भांडून काढलेली. मी गेले की टीम गेली, दुसरं कुणी चालवणार न्हाई हे प्राचार्य सरांनीच मला तोंडावर सांगितलेलं.

तर ह्या मार्चातली गोष्ट. पाऊस दगा देऊन गेलता, ऊस वाळला, कारखान्याचं गाळप केव्हाच बंद पडलं. गावात आठ-आठ दिवस टँकर न्हाई. आन् त्यात संस्थेचे सामने ठरले, गेवराईकडची टीम येणार, उद्घाटनाला चेअरमन साहेब. कारखान्याची निवडणूक तोंडावर होती ना, साहेब तवा सगळीकडंच जायचे.

आमचं ग्राउंड मुरमाचं. दरवर्षी मॅचच्या आधी त्याच्यावर पाणी मारतात, धूळ बसती, मग फक्कीनं पांढऱ्या लाईनी मारायच्या. ह्या वर्षी मी पोरींना आधीच सांगितलं होतं, पाणी न्हाई मारायचं, तोंडाला ओढण्या बांधा आन् खेळा. पोरी हसल्या. म्हणल्या, मॅडम, दरोडेखोरांची टीम वाटंल.

मॅचच्या दिवशी सकाळी फक्कीची पिशवी घेऊन ग्राउंडवर आले आन् पायच थांबले. अर्धं ग्राउंड ओलं! काळपट, चिखल झालेला, मुरमाचा वास सुटलेला. मधोमध कारखान्याचा टँकर उभा आन् पाईप चालू.

मी पळत ड्रायव्हरकडं. "ओ दादा, बंद करा! कुणी सांगितलं तुमाला?"

"वरून सांगितलंय मॅडम. साहेब यायच्या आधी सडा मारायचा. दरसाल मारतावच की."

"अहो पण गावात प्यायला न्हाई!"

"मंग मी काय करू? साहेबांच्या बुटाला धूळ लागली तर माझी ड्युटी जाईल, तुमची न्हाई."

मी त्याला म्हणणार होते की माझीबी जाईल. तेवढ्यात कंपाउंडकडून आवाज आला. भांड्यांचा. रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटल्या की कसा येतो, तसला. बायका आलत्या. टँकर कॉलेजात शिरताना कुणीतरी बघितलेला. पन्नासेक तरी असतील, डोक्यावर हंडे, दोघी-तिघींनी मिळून एक पत्र्याचं टिपाड ढकलत आणलेलं, मागं काही गडीमाणसं. आदल्या उन्हाळ्यात टँकरवरनं भांडण होऊन एकाचं डोकं फुटलेलं मी डोळ्यानं बघितलंय.

सगळ्यांत पुढं जी बाई होती ती माझ्या सेंटरची आई. सेंटर म्हणजे टीममधली सगळ्यांत उंच पोरगी, रिंगखाली उभी राहणारी. आन् ती पोरगी आईच्या मागंच, काखेत कळशी. आमचा टी-शर्ट घालून!

आई ओल्या मुरमात उभी राहिली, खाली बघितलं, मग माझ्याकडं.

"काय गं कंडक्टरच्या पोरी," ती म्हणली. माझे अण्णा एसटीत कंडक्टर, वडवणीची गाडी त्यांच्याकडंच असती, सगळं गाव मला त्याच नावानं ओळखतं. "तुझ्या चेंडूला पाणी हाय व्हय? आमच्या लेकराला न्हाई?"

"काकू, मी न्हाई मागवलं..."

"मंग काय ढगातून पडलं?"

मागनं एक गडी ओरडला, "कोच झाली म्हणून लई माजली का बे ही?" दुसरी बाई म्हणली, "चड्ड्या घालून नाचायचं आन् आमच्या तोंडचं पाणी मातीत घालायचं!"

मला खरं सांगता आलं असतं ना? चेअरमन साहेबांनी मारायला लावलं, एवढंच. पण ते तोंडातून गेलं की तासाभरात साहेबांच्या कानावर, आन् जूनात ऑर्डर कशाला निघती. आन् गप बसले तर हे लोक मला तिथंच तुडवणार. एका गड्यानं वाकून दगड उचलला. खरंच उचलला. सेंटर माझ्याकडं बघायली, मॅच हरत आली की बघती तशी, मॅडम आता काय करायचं.

मी शिट्टी वाजवली.

कावून वाजवली मला अजून माहिती न्हाई. गळ्यात होती, भ्या वाटलं, वाजवली. पण लई जोरात वाजली आन् सगळे एकदम गप. मग मी ओरडले, प्रॅक्टिसला ओरडते तशी, "लाईन करा! पोलपासून! टँकर अजून अर्धा भरलाय!"

सेंटरनं आईला हाताला धरून पोलपाशी उभं केलं. तोवर बाकीच्या पोरीबी आलत्या. मी त्यांना टँकरपासून गेटपर्यंत थोड्या-थोड्या अंतरावर उभं केलं आन् भरलेला हंडा हातोहात पुढं. पाय न हलवता, कमरेतून वळायचं, सांडायचं न्हाई. ड्रायव्हर फोन लावायला लागला तर सेंटरची आई त्याला म्हणली, "लाव की फोन. साहेबाला म्हणावं, मतं मागायला येताव तवा चहाला पाणी ह्यातलंच हाय." बायका हसल्या. तो दगडवाला गडीबी हसला, दगड टाकला आन् टिपाड धरायला आला. मी न्हाई हसले, मला हसूच फुटंना. गाडीचा आवाज आलता.

पांढरी गाडी. साहेब उतरले. अर्ध्या ग्राउंडावर चिखल, अर्ध्यावर धुरळा, मध्ये लाईनीत बायका. मागनं उतरलेल्या प्राचार्य सरांचं तोंड पांढरंफट्ट. साहेबांनी एक मिनिट बघितलं, मग हसले, पुढं आले, एक हंडा उचलला, एका म्हातारीच्या डोक्यावर ठेवला. फोटो निघाले. "वा! चांगला उपक्रम घेतलाव मॅडम!" टाळ्या.

आन् जाता जाता माझ्या खांद्याजवळ वाकून, हळूच, हसतच, "तुमची ऑर्डर जूनात असती ना?"

बास. एवढंच.

मॅच आमी हरलो. सेंटर चिखलातून धुरळ्यात पळताना घसरली, गुडघा फुटला. पेपरात साहेबांचा हंड्याचा फोटो आला. निवडणूक झाली, तेच निवडून आले. मी मात्र तवापासून रोज भीत-भीत झोपायले. फोन वाजला की आधी कुणाचा हाय ते बघते.

आज दुपारी वाजला. प्राचार्य सर. म्हणले, अभिनंदन, ऑर्डर निघाली. मी तर उडीच मारली! मग म्हणले, फक्त पोरांच्या टीमची. पाणीटंचाईमुळं मुलींचा संघ स्थगित. उद्या दहा वाजता येऊन सही करा, न्हाई केली तर दुसरा माणूस तयार हाय.

अण्णा म्हणतेत, कर सही आन् गप राहा.

संध्याकाळी सेंटर दारात आलती. तिला काहीच माहिती न्हाई. "मॅडम, उद्या प्रॅक्टिस किती वाजता?"

मी म्हणले, "सहाला."

ती गेली. आन् मी इथं बसून टाईप करायले. सहाला मी जाणार, हे नक्की. दहाचं मला माहिती न्हाई. सही करून पोरींना चोरून शिकवता येईल का? का न करता निघून यावं? तुमच्यासंगं झालंय का असं? तुमचं काम तुमच्या हातात ठेवलं आन् ज्यांच्यासाठी ते करत होताव त्यांनाच त्यातून काढून टाकलं? झालं असंल तर दहाच्या आधी सांगा, तुमी काय केलंत?