तुमच्या बाबाचं जावळ

तुमच्या बाबाचं पहिलं जावळ कुणाला वाहिलं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. क्रमानं सांगते, पण मलाही ते नीट समजलेलं नाही.

साठ सालच्या आसपासची, इकडे तमिळ मुलखातली गोष्ट. बाबा दीड वर्षाचा होता. ताप काही उतरेना, तेव्हा माझ्या सासूबाईंनी ओरत्तनाडूच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या जुन्या चर्चमधल्या मातेला त्याचे केस बोलून टाकले. ताप उतरला. मग त्यांना आठवलं, आमच्या घरातलं पहिलं जावळ तिरुपतीच्या पेरुमाळचं असतं. एक डोकं, दोन नवस. सासूबाईंची झोप उडाली.

बसमधून उतरून, बाबाला कडेवर घेऊन आम्ही दोघी भाताच्या बांधावरून चालत गेलो. मी मिशनच्या शाळेत शिकलेली. चर्चच्या रीती मला ठाऊक आहेत, असं मी सासूबाईंना सांगून ठेवलं होतं. दारात पाहते तर चपलांचा ढीग! आमच्या शाळेच्या चर्चमध्ये सगळे बूट घालूनच आत जात. मी चपला काढल्या, घातल्या, पुन्हा काढल्या.

"अगो, ठरव काय ते," सासूबाई म्हणाल्या. "पोर अवघडलंय."

आत बाक नव्हते, बायका जमिनीवर बसलेल्या. मातेला रेशमी साडी आणि मोगऱ्याचा गजरा. बाहेर ध्वजस्तंभ, त्याच्यापाशी न्हावी वस्तरा घासत बसलेला. गुडघे टेकावेत की नमस्कार घालावा? मी दोन्ही अर्धवट केलं.

सासूबाईंनी पाद्रींनाच गाठलं. "सामी, पहिले केस पेरुमाळचे. इथे दिले तर तो रागावेल, नाही दिले तर ही."

"ही नाही रागावत," पाद्री म्हणाले.

"आणि तो?"

"त्याचं मी कसं सांगू, अम्मा?"

सासूबाईंनी बाबाला न्हाव्यापुढे बसवलं. पोरानं आकांत मांडला. सगळे केस पदरात घेऊन त्यांनी मातेसमोर ठेवले. तोवर तमिळ बोलत होत्या, पण आता मराठीत म्हणाल्या, "बाई, तुझा नवस फेडला. ह्यातलं त्याचं त्याला तू पोचतं कर. तुमचं तुम्ही बघा."

परतीच्या बसमध्ये त्या गाढ झोपल्या. तुळतुळीत डोकं मांडीवर घेऊन मी मात्र विचार करत राहिले.

पुढे तिरुपतीलाही बाबाचं मुंडण झालं. "आत्याबाई, मग पहिलं कुठलं धरायचं?" मी सासूबाईंना विचारलं.

"शिकलेली तू," त्या म्हणाल्या. "तूच सांग."