बुडबुडा न्हाई

विकासचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या विश्रामबागेत चष्म्याच्या दुकानात बसले होते. दुपारचे तीन वाजून गेले असतील. विकास म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, बापूचा, एकुलता एक मुलगा. पुण्यात नोकरीला असतो. तो म्हणाला, "आत्या, बापू गेले..." आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "गॅस?" त्याला काही कळेना. कसला गॅस, असं त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, गॅरेजच्या शेडमध्ये स्टुलावर बसले होते, बसल्या बसल्याच गेले, डॉक्टर हार्ट म्हणाले. मी खुर्चीत मागं टेकले. सख्खा भाऊ गेल्याची बातमी ऐकून माणसाला आधी हायसं वाटतं, असं मी कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. पण वाटलं, हे खरं आहे. रडू नंतर आलं, एकटी गाडी चालवत कडेगावला निघाले तेव्हा, पलूसच्या पुढं. गाडी कडेला घ्यावी लागली इतकं आलं. मी तसा प्रश्न का विचारला, हे विकासला सांगायला मला तेरा दिवस लागले. आता महिना होत आला. हे लिहितेय तेही त्याला विचारूनच.

बापू फौजेत मेकॅनिक होता. हवालदार होऊन परत आला आणि कडेगावात रस्त्याकडेला पत्र्याचं शेड टाकून बसला. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर, एरवी जीपगाड्या, मोटारसायकली, काहीही. शेडवर पाटी नव्हती. "बापूकडं नेऊया" एवढ्यावर त्याचा धंदा चालला. बोलायला तिरसट, कामाला चोख. गाडीचा पार्ट बदलून बघू, हे वाक्य त्याच्यासमोर कुणी उच्चारलं की तो त्या माणसाला दाराबाहेर उभा करायचा. आधी खोट सापडली पाहिजे, मग पाना. आणि खोट तो शोधायचा नाकानं. गाडी शेडात शिरायच्या आधी सांगायचा, क्लच जळालाय, नाहीतर रेडिएटरचं पाणी गोड वासाचं येतंय म्हणजे आत गळती हाय. वहिनी म्हणायची, ह्यांचं नाक एक आणि बाकी माणूस एक. आम्ही भावंडं लहानपणापासून त्याच्या नाकाला भिऊन होतो. कैरी खाऊन घरी गेलं तरी त्याला कळायचं.

मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्तीनंतर माझी जुनी छोटी पेट्रोल गाडी हाच माझा संसार. गाडी चालवायला मला बापूनंच शिकवलं, त्याच्या जीपवर, आणि शिकवताना एक रीतही शिकवली. पेट्रोल भरताना टाकी गळ्यापर्यंत भरायची. पंपावरची नळी खट्कन बंद झाली तरी थांबायचं नाही. खाली उतरायचं, गाडी दोन्ही हातांनी हलवायची, आतली हवा वर येते, मग पुन्हा घालायला लावायचं. टाकीत हवा राहिली की पाणी धरतं, असं त्याचं सांगणं. आमच्या घरातली सगळी माणसं पंपावर अशीच गाडी हलवतात. विकास लहान असताना लाजेनं मागच्या सीटवर आडवा व्हायचा. मी मात्र साठी उलटली तरी पंपावर उतरून गाडी गदागदा हलवत होते, आणि पंपावरचा माणूस बघत राहायचा.

गेल्या उन्हाळ्यात गाडीनं कुरकुर सुरू केली. एरवी ठीक, पण पेट्रोल भरलं की लगेच चालू व्हायची नाही. चार-पाच वेळा चावी फिरवायची, मग खोकत उठायची. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला. मागच्या सीटपाशी पेट्रोलचा वास. इथल्या एका गॅरेजवाल्यानं ऐकून घेतलं आणि टाकीसकट सगळं बदलायला सांगितलं. मी बापूला फोनवर हे सांगितलं मात्र, तो दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं सांगलीला हजर. हातात कापडी पिशवी, पिशवीत पाने, स्वच्छ रबरी नळीचा हातभर तुकडा आणि मूठभर रिठे. रिठे कशाला विचारलं तर म्हणाला, फेस करायला. साबणानं रबर बिघडतं. हे खरं की त्याचा हट्ट, मला माहीत नाही. आमची आई आमची डोकी रिठ्यानं धुवायची, एवढं मात्र आठवलं.

माझ्या घरासमोरच्या फरशीवर आमचं काम सुरू झालं. बापूनं मला नवशिक्या शिपायासारखी शेजारी उभी केली आणि सांगत गेला. टाकीतल्या पेट्रोलची वाफ होत असते. ती हवेत सोडायची नाही असा नव्या गाड्यांचा कायदा. म्हणून ती एका नळीनं कोळशाच्या डब्यात जाते, कोळसा ती धरून ठेवतो, आणि इंजिन चालू झालं की एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात ओढली जाऊन जळते. कोळसा काय काय धरून ठेवतो हे मला शिकवायची गरज नव्हती, जन्म प्रयोगशाळेत गेला; पण मी गप्प ऐकलं. टाकीचं झाकण त्यानं बोटानं चाचपलं, रबर ठीक होतं. मग बॉनेट उघडून तो व्हॉल्व्ह काढला, आपली स्वच्छ नळी त्याला जोडली आणि फुंकला. बंद असताना त्यातून वारा जाता कामा नये. वारा आरपार गेला. त्यानं व्हॉल्व्ह माझ्या तळहातावर आपटला तर काळे बारीक कण पडले. कोळसा.

बापू बराच वेळ त्या कणांकडं बघत राहिला. मग मला विचारलं, पेट्रोल कसं भरतीस? मी म्हटलं, तू शिकवलंस तसंच. गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल वाफेच्या नळीतून थेट डब्यात उतरत होतं, कोळसा भिजून फुटत होता, आणि त्याचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकून तो उघडाच राहत होता. म्हणून पेट्रोल भरलं की नको तेवढी वाफ इंजिनात घुसायची आणि गाडी गुदमरायची. म्हणजे बारा वर्षं मी बापूच्या शिकवणीनं माझी गाडी बुडवत होते. मला हसू आलं. त्याला नाही आलं. "त्या जीपला चालत हुतं गं," एवढंच म्हणाला आणि डबा काढायला गाडीखाली गेला.

इथपर्यंत एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती, ती आली नव्हती. बापू सारखा मला विचारत होता, वास कुठून येतोय, पुढनं का मागनं, रिपोर्ट दे. मला वाटलं, परीक्षा घेतोय. मी उत्साहानं रिपोर्ट देत होते. थोड्या वेळानं मी चहा टाकायला आत गेले. गॅस पेटवला, आधण ठेवलं, आणि मागून पेट्रोलचा असा भपकारा आला की माझे डोळे चुरचुरले. वळून बघते तर बापू स्वयंपाकघराच्या दारात उभा. डब्यातून निथळलेलं पेट्रोल त्यानं ज्या फडक्यानं टिपलं होतं ते चिंब फडकं त्याच्या खांद्यावर, आणि पेटती शेगडी त्याच्यापासून चार हातांवर. साखर कमी घाल, हे सांगायला आला होता तो. मी शेगडी बंद केली, फडकं ओढून अंगणात भिरकावलं, त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "काय झालं?" त्यानं विचारलं. अगदी खरं विचारलं. आणि मग माझ्या चेहऱ्याकडं बघून तो फरशीवर खाली बसला.

"सुमे, मला वास येत न्हाई. तो ताप येऊन गेला तवापास्नं. पेट्रोलचा न्हाई, भाकरीचा न्हाई, कशाचाच न्हाई."

कोरोनाचा ताप त्याला येऊन गेल्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. तेवढी वर्षं त्यानं हे झाकून ठेवलं. गिऱ्हाइकालाच विचारायचा, सांग कसला वास येतोय. लोकांना वाटायचं, बापू शिकवतोय. वहिनीला कळलं होतं. ती होती तोवर घरातला गॅस ती बघायची. ती गेल्यावर तो घरात एकटा, सिलिंडर आणि तो. हे ऐकून मी लगेच म्हटलं, विकासला सांगते. त्यावर तो जे बोलला ते मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं. "त्याला सांगितलंस की तो शेडला कुलूप घालणार आन मला पुण्याला नेणार. तिसऱ्या मजल्यावर बसून मी काय करू? हाताला काम न्हाई म्हंजे मी न्हाईच की गं." बापूनं उभ्या आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मला नकार देता आला नाही. बरोबर केलं का? मला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आजही नाही.

पण मी प्रयोगशाळेतली बाई आहे, नुसत्या विश्वासावर काही सोडत नाही. मी एक अट घातली, ती सुचली फेसावरून. दुसऱ्या दिवशी मिरज रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडून चांगला डबा आणि व्हॉल्व्ह आणून त्यानं बसवला, सगळ्या जोडांना ब्रशनं रिठ्याचा फेस लावला आणि नळीतून हळू फुंकलं. एका नळीच्या वळणावर फेसात टपोरा बुडबुडा आला. तिथं चीर होती, डोळ्याला दिसत नव्हती. तेवढा तुकडा बदलला, पुन्हा फेस, पुन्हा फुंकलं. बुडबुडा नाही. मी म्हटलं, नाकाचं काम हा फेस करतोय तर घरी गॅसलाही हेच करायचं. रोज सकाळी रेग्युलेटरला, नळीला, शेगडीच्या जोडाला. त्याशिवाय काडी ओढायची नाही. आणि मी सातला फोन करणार, तेव्हा रिपोर्ट द्यायचा. त्यानं मान हलवली. मग बॅटरीची तार काढून थोडा वेळ ठेवली, परत जोडली. पिवळा दिवा गेला. दिवा घालवणं ही दुरुस्ती नव्हे, दुरुस्ती आधी झाली, हे मला दोनदा बजावलं. एसटी स्टँडवर सोडायच्या आधी आम्ही पंपावर गेलो. नळी खट्कन बंद झाली आणि माझा हात सवयीनं दाराकडं गेला, उतरून गाडी हलवायला. बापूनं मनगट धरलं. "बास," म्हणाला. गाडी पहिल्या चावीला चालू झाली. त्यानं खिडकीतून बाहेर बघत विचारलं, वास? मी म्हटलं, नाही. मग तो हसला, दोन दिवसांत पहिल्यांदा.

तेव्हापासून वर्षभर रोज सकाळी सातला मी फोन करत होते. "रिपोर्ट," मी म्हणायची. "बुडबुडा न्हाई," तो म्हणायचा आणि फोन ठेवायचा. कधी चिडायचा, तू काय माझी सुभेदार हाईस काय, म्हणायचा, पण सांगायचा. मी परगावी असले तरी फोन चुकला नाही. खरं सांगायचं तर मला पुष्कळदा शंका यायची, की फोन वाजतो म्हणून नुसतं म्हणतोय, फेसबिस काही लावत नाही. माझ्या तोंडून "गॅस" निघालं ते या शंकेपायी. गेला त्या दिवशी सकाळीही मला रिपोर्ट मिळाला होता...

त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. मी कुणाला दिसणार नाही अशी स्वयंपाकघरात गेले. शेगडी काजळलेली, भिंत तेलकट, एकट्या पुरुषाचं स्वयंपाकघर जसं असतं तसं. फक्त सिलिंडरचा जोड, रेग्युलेटर आणि शेगडीला नळी जिथं बसते ते पितळी बोंड एवढंच लखलखीत होतं. शेजारी रंगाचा जुना ब्रश, त्याचे केस एका बाजूनं पार झिजलेले. आणि वाटीत पाणी, पाण्यात दुसऱ्या दिवशीसाठी भिजत घातलेले चार रिठे. माझ्या भावावर मी वर्षभर शंका घेतली होती. त्या वाटीसमोर उभी राहून मी त्याची माफी मागितली, मोठ्यानं.

तेराव्याची माणसं पांगल्यावर विकासनंच विषय काढला. तेरा दिवस मी कुणाला हलवू दिली नव्हती ती रिठ्यांची वाटी धुवायला घेतली होती त्यानं. म्हणाला, बापूंच्या डोक्यावर केस नव्हते, मग रिठे कशाला भिजवायचे? मी त्याला बसवलं आणि फडक्यापासून सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "आत्या, हे मला सांगायला पाहिजे होतं." आवाज चढला नव्हता, पण राग होता, आणि तो रास्त होता. मी म्हटलं, व्हय, पाहिजे होतं. गेलेला माणूस त्याचा बाप होता आणि माझा भाऊही; भावाचा शब्द मी पाळला होता, तो त्याला त्याच्या बापाबद्दल अंधारात ठेवून.

थोड्या वेळानं मी म्हटलं, चहा करते. तो म्हणाला, तुम्ही बसा, मी करतो. आत गेला. मला सोप्यावरून दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. वाटीत रिठे चोळल्याचा आवाज आला. मग ब्रश पितळेवर घासल्याचा. मग बराच वेळ काही नाही, म्हणजे तो वाकून बघत असणार.

"आत्या," तो आतून म्हणाला, "बुडबुडा न्हाई."

मग त्यानं काडी ओढली.