राखेने घासलेला कप

शहापूरच्या बाजारात माझं छपाईचं दुकान होतं. एक संगणक, एक प्रिंटर आणि कपाला कवटाळून तापणारं एक मशीन, एवढाच पसारा. फोटो कागदावर उलटा छापायचा, कागद कपाला चिकटवायचा आणि कप मशीनमध्ये घालायचा. शिट्टी वाजली की चेहरा कपावर. तेव्हा आमच्या भागात हे नवीनच होतं. निवडणूक आली की पुढाऱ्यांची तोंडं टी-शर्टवर भाजायचो. ती दोन धुण्यांत फिकी पडायची, त्याचं मला काडीचं दुःख नव्हतं.

एकदा डोळखांबकडची एक मावशी आली. तिचा तरुण मुलगा कुठल्याशा बांधकामावरून पडून गेला होता. मागे एकच फोटो उरला होता, ओळखपत्रापुरता काढलेला, आणि त्यालाही बुरशी लागली होती. कुणाच्या तरी घरी असा कप पाहून तिला वाटलं, यावर पोरगा टिकेल. मी संगणकावर बुरशीचे डाग काढले आणि चेहरा मोठा करून छापला.

"धुतला तरी जायचा नाही. फक्त तारेची घासणी लावू नका," असं मी सगळ्यांनाच सांगायचो, तसं तिलाही सांगितलं. ती कप पदरात गुंडाळून घेऊन गेली.

पुढचा पावसाळा सरल्यावर ती परत आली. तिने पिशवीतून काढलेला कप पांढराफटक झाला होता. कडेला केसांची एक काळी रेघ तेवढी राहिली होती.

"तार नाय लावली रे दादा. राख लावली नि पेंढ्यानं घासला. आमी भांडी घासतो तसा."

"रोज?"

"रोजच. सकाळ झाली का पोराचं तोंड नको धुवाया?"

मी मूळ फोटो मागितला, तर तो ओल्या भिंतीला चिकटून गेला होता. माझा जुना संगणक विजेच्या लपंडावात जळला होता आणि त्यातलं काहीच वाचलं नव्हतं. हे माहीत असूनही मी नव्या संगणकात शोधत बसलो. तिच्यासमोर नुसतं बसणं मला जमेना.

"नाय ना?" तिने विचारलं.

"नाही, मावशी."

तिने सवयीने कप पुसायला पदर उचलला, त्या काळ्या रेघेकडे पाहिलं आणि पदर सोडून दिला.

"आता ह्याला पिशवीत कसा ठेवू रे?" ती म्हणाली. "घासंल ना."